नारंगी भूत

माझ्या साडूइतका लाडावलेला जावई अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि एवढी वर्षं लोटली तरी ते मला सहन होत नाही. मानानं थोरला जावई मी. जालन्यात बियाण्यांच्या दुकानात नोकरी, वेळेवर येणं, वेळेवर जाणं, सासऱ्यांना वाकून नमस्कार. साडू तीर्थपुरीकडचा शेतकरी. परतूरला कापूस घेऊन यायचं आणि माप व्हायला वेळ असला की स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या खोलीत शिरायचं, एवढंच त्याचं कर्तृत्व. तरी परतूरच्या त्या सासुरवाडीत मी पाऊल टाकलं की सासूबाईंचा पहिला प्रश्न, "धाकटे पाव्हणे न्हाई आले का?"

त्या खोलीत कपाटाएवढं एक लाकडी खोकं होतं. वर काच, खाली एक दांडी. काचेत गल्ल्याच गल्ल्या, त्यांतून ठिपके खात पळणारं एक पिवळं तोंड आणि त्याच्या मागावर चार भुतं. मोठा ठिपका खाल्ला की ते तोंड उलट भुतांनाच खायचं. मीही एकदा नाणं टाकून पाहिलं. पहिल्याच वळणावर भुतानं मला गाठलं. साडू मात्र एका नाण्यावर अख्खी दुपार काढायचा. पुढे मारामारीचे, गाड्यांच्या शर्यतीचे नवे खेळ आले, पोरं तिकडे वळली. हा आपला जुन्याच खोक्यापुढे. असं काय आहे त्यात, म्हणून मी विचारलं, तर म्हणतो, "दाजी, ह्याच्यात कुणी मरत न्हाई. भूत खाल्लं तरी त्याचे डोळे घरी पळतेत अन् ते परत ताजं होऊन येतंय."

तो खेळ त्याच्या अंगात भिनला होता. वखर हाणताना आधी शेताचे कोपरे काढायचा. ताटातला भातही कडेकडेनं संपवायचा. लग्नात कुणी बोलघेवडा पाहुणा समोरून येताना दिसला, की हा बाजूच्या बोळात वळून त्याच्याच पाठीमागे निघायचा. एकदा सासूबाईंना त्यानं आठवडी बाजारात नेलं आणि एकाही गल्लीत दुसऱ्यांदा पाय न ठेवता सगळा बाजार करून आणला. सासूबाई त्याचं कौतुक पुढच्या बाजारापर्यंत सांगत होत्या. मी जालन्याहून त्यांच्यासाठी निवडक बियाणं आणलं होतं, ते फडताळात तसंच पडून होतं.

त्याहून मला लागली ती भुतांची गोष्ट. एका दिवाळीत सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं प्रत्येक भुताचा स्वभाव सांगितला. सासऱ्यांना आणि सासूबाईंना तो मामा-मामी म्हणायचा. "लाल म्हंजे मामा. सरळ मागं लागतेत. गुलाबी मामी. फिरून येतेत अन् आपल्या आधी पुढं उभ्या. निळ्याचा बिलकुल नेम न्हाई, ती आमच्या घरची. अन् नारंगी म्हंजे आपले दाजी. लै जोरात येतंय, अन् जवळ आलं की पळून जातंय." सगळे हसले. माझ्या विनोदावर कधीही न हसणारे सासरेसुद्धा हसले. माझी बायको तर ठसका लागेपर्यंत हसली.

मग आला धोंड्याचा महिना. दोन्ही जावयांना बोलावणं होतं. पाट मांडलेले, धोंडे तळून झालेले, आणि धाकट्याचा पत्ता नाही. त्याला आणायला मला पिटाळलं. साडू खोक्यापुढे उभा होता, मालक बाकावर घोरत होता. "पाचच मिनटं, दाजी," तो मान न वळवता म्हणाला. शेवटी सासूबाईच पदराखाली ताट झाकून आल्या. जावयाचा हात दांडीवरून सुटू नये म्हणून त्यांनी त्याला बाजूनंच ओवाळलं, ताट माझ्या हातात दिलं, "भरवा त्येला, तोवर मी मामांना वाढते," म्हणाल्या आणि गेल्या. थोरला जावई उपाशी उभा, हातात धाकट्याचं ताट. असा धोंड्याचा मान माझ्याशिवाय कुणाला मिळाला नसेल.

आणि तेव्हाच त्याचा नंबर पहिला आला. काचेवरच्या यादीतले सगळे आकडे मागे पडले. यंत्रानं नाव मागितलं. साडू पहिलं अक्षर शोधायला लागला आणि लाइट गेली. लाइट गेली की त्या यंत्राला काही आठवत नसे. साडू काळ्या काचेकडे बघत राहिला. मग हसला आणि माझ्या हातातल्या ताटातला धोंडा उचलून खाल्ला.

पुढे ही गोष्ट तो कायम सांगायचा. तो सुरू झाला की मी पाणी प्यायला उठायचो. याचं कौतुक मी कशाला ऐकू?

परवा पुन्हा धोंड्याचा महिना आला. आता साडूच सासरा होता, त्याचा नवा जावई पाटावर होता आणि मी पाहुणा. सासूबाई आता नाहीत. खोलीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. साडूनं ती गोष्ट काढली. जावई मोबाइलवर बोट फिरवत हसला. "मामा, उगं फेकू नका. कुणी बघितलं?"

साडू ताटातला भात कडेनं सारखा करू लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी सवयीनं अर्धा उठलो होतो. तसाच खाली बसलो.

"मी बघितलं," मी म्हणालो. "ह्याचं ताट धरून उभा होतो मी. पहिला नंबर ह्याचाच आल्ता. नाव टाकायच्या आत लाइट गेली."

सगळे वळून साडूकडेच बघायला लागले. साक्ष मी दिली आणि कौतुक त्याचं.

जेवणं झाल्यावर तो हात पुसत माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "दाजी, मी अक्षर शोधत होतो. आकडा बघायचाच राहिला. तुम्हाला ठावं हाय का, किती झाल्ते?"

मला पाठ होता. कितीतरी रात्री त्या आकड्यानं माझी झोप घालवली होती. मी सांगितला.

"परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितला.