पालथा घातलेला वीर

आमच्या फाट्यावर चार वाटा मिळतात. मिळतात तिथंच पूर्वी वीराचा दगड उभा होता. खाली गाई आणि तलवार उगारलेला माणूस, वर चंद्र-सूर्य. गावच्या गाई सोडवताना तो मेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पोळ्याला प्रत्येक बैलजोडी आधी त्याच्यापुढं थांबायची, मग मारुतीकडं जायची. अमावास्येला त्याला तेल घालण्याचा मान आमच्या घराचा. तो माझे चुलते, तात्या, सांभाळत.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष भीतीत गेलं. देवदगड फोडतात अशी आवई उठली. वीराला जमिनीत पुरायला कुणी धजेना. तेव्हा मीच सुचवलं, माझ्या चहाच्या हॉटेलापुढं पालथा घालू, पायरी म्हणून. पायरीकडं कोण बघतंय? तात्यांची अट एकच होती, की भीती सरली की तो उभा करायचा. मी हो म्हणालो.

आमच्या फाट्याकडं कुणी फिरकलंच नाही. राज्य गेलं. लोकांनी त्याच पायरीवर उभं राहून पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तात्या पहार घेऊन आले. मी म्हणालो, सुगी होऊ द्या. सुगी सरून पाऊस लागल्यावर म्हणालो, दारात चिखल होतो, एवढा पावसाळा जाऊ द्या. खरं म्हणजे पायरी नामी बसली होती. गावालाही तिची सवय झाली होती.

मग तात्या अमावास्येला पायरीवरच तेल घालू लागले. एक गिऱ्हाईक घसरून पडलं. तेव्हापासून तेल पडलं की मी त्यांच्यादेखत वर चुलीतली राख टाकायचो.

पोळ्याला ते बैल घेऊन हॉटेलापुढं थांबले. मागच्या जोड्या बगल देऊन मारुतीकडं गेल्या. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तात्या, बैलांना बी चहा सांगू का?"

सगळे हसले. मीही हसलो.

तात्या माझ्याकडं बघून सावकाश म्हणाले, "फोडणारे आलेच न्हाइत बाबा. तुडवतोय आपणच."

त्यानंतर त्यांनी तेल घातलं नाही. थंडीत ते गेले. आमच्याकडं तिरडीचा विसावा वीरापुढं असतो. खांदेकऱ्यांनी न सांगता ती हॉटेलापुढं टेकवली. पुन्हा उचलताना खांदा द्यायला मी पायरीवर उभा राहिलो. तिथं पाय घट्ट रोवता येत होता.