डब्याच्या सुट्टीतली पिंकी

पिंकीचा फोन नेहमी एकाच वाक्यानं सुरू होतो. "नूपुर ठीक आहे." मग ती श्वास घेते, आणि मीही.

माझ्या नूपुरला दमा आहे. पहिलीत आहे ती. धाप लागली तरी लपवते, कारण सांगितलं की खेळ बंद. डिसेंबरात एका दुपारी डब्याच्या सुट्टीत शाळेत मदतीला आलेल्या पिंकीच्या हे लक्षात आलं. शाळेच्या ऑफिसातले सगळे जेवायला गेलेले. तिनं दप्तरातला पंप शोधून नूपुरच्या हातात दिला आणि थेट मला फोन केला.

पिंकी रामटेके विमा एजंट आहे. माहेर उमरेडचं, आणि बोलली की तिथल्या एसटी स्टँडपर्यंत ऐकू जावं असा आवाज. तिचा सौरव नूपुरच्याच वर्गात. वर्गातल्या अर्ध्या आयांना तिनं पॉलिसी विकली आहे. उरलेल्या तिला पाहिलं की मोबाइल कानाला लावतात.

आम्ही काही जणी आळीपाळीनं सुट्टीत मदतीला जायचो. मुख्य काम डबे उघडण्याचं. भाजीचा रस्सा दप्तरात सांडू नये म्हणून सकाळी आम्हीच झाकणं अशी आवळतो, की पोरांच्यानं ती हलत नाहीत.

जानेवारीत शाळेनं आमच्यापुढे करारनामा ठेवला. शाळेत पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. कुठल्याही मुलाबद्दल पालकांना परस्पर कळवायचं नाही, ऑफिसला सांगायचं. पुढचं ऑफिस ठरवेल.

मी पेनचं टोपण काढलं होतं. सही केली नाही तर आत कोण जाऊ देणार? आणि केली, तर मला फोन कोण करणार?

"थांब वं उत्तरा," पिंकी म्हणाली. "लोकांच्या सह्या घ्यायचा धंदा आहे माझा. बारीक अक्षर वाचल्याबिगर सही नाही करायची." मग मुख्याध्यापिकांकडे वळली. "मॅडम, पोरगी धापा टाकून राहिली अन् मी तिच्या मायले फोन नाही करायचा? काहून?"

"बाहेर अफवा पसरतात, रामटेकेबाई."

"अफवा मी पसरवते, कबूल. पण धाप काही अफवा नसते."

मॅडमनाही हसू आलं. तरी म्हणाल्या, "सही नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत." पिंकीनं गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मी टोपण लावलं आणि माझंही शेजारी ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टीभर मी फाटकाबाहेर स्कूटीवर बसून होते, नूपुरचा जादाचा पंप मुठीत धरून. आत काय झालं ते सौरवनं नंतर साभिनय सांगितलं. वर्गावरच्या दोन्ही बाईंचे हात दुखले, तेव्हा मॅडम स्वतः आल्या आणि पदर गुंडाळून झाकणं फिरवू लागल्या. घंटा झाली तरी निम्मे डबे बंदच.

संध्याकाळी मॅडमचा पिंकीला फोन आला. ते कलम काढलं गेलं. त्या जागी आलं : मूल आजारी वाटलं तर आधी पालकांना कळवावं, मग ऑफिसला. दुसऱ्या दिवशी शाळेत पिंकीनं ते दोनदा वाचलं, सही केली आणि लगोलग मॅडमसमोर पॉलिसीचं माहितीपत्रक उघडलं.

आज दुपारी पुन्हा तिचा फोन आला.

"नूपुर ठीक आहे. जराशी धाप लागली होती. पंप घेऊन माझ्याजवळ बसली आहे. ये तू, पण गाडी पळवू नको. अन् ऐक वं, मॅडम म्हणून राहिल्या, उद्यापासून झाकण जरा सैल लाव."