तांदूळ वाढले

एमआयडीसीतल्या एका लोखंडी सळ्यांच्या री-रोलिंग मिलमध्ये मी मेंटेनन्स फिटर आहे. मशीन विचित्र आवाज करायला लागली की आम्ही बेअरिंग बघतो, लिंबू-मिरची बांधत नाही. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली. आता माझी पाळी आहे, करा.

दोन वर्षांपूर्वी एक जुनी सतरा सीटर गाडी घेतली, सीटा काढल्या आणि मस्तगडला आमच्या राहत्या घराच्या दारासमोर उभी करून तिचंच घर केलं. पलंग, पाण्याची टाकी, छतावर सोलर, ड्रायव्हरच्या पाठीमागे गॅसचा ओटा. ओट्यासाठी पुढची वाट प्लायवूडने बंद केली आणि धुळीपायी खिडक्या सील करून टाकल्या. राहिला एक सरकता दरवाजा, आणि सोलर पुसायला जाण्यासाठी छतात एक झडप. माझी बायको सुनंदा म्हणाली होती, "अजून एक दार ठेवा." मी म्हणालो, हे घर आहे, थेटर नाही.

पहिलाच मुक्काम धावडा गावाजवळ, मिलमधल्या मित्राच्या पडीक रानात. लाईट नाही, रेंज नाही… मी जाम खूश होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा पिठलं-भाकरी करत होती. वाऱ्याने शेगडीची ज्योत टिकेना म्हणून मी दार लावून घेतलं. भात टाकायला तिने डबा उघडला.

"अहो, तांदूळ वाढले."

धान्य 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं, ही तिच्या आईची शिकवण. यावरून मी तिला रोज चिडवायचो. त्या दिवशीही तोंड उघडणार, तेवढ्यात दाराला अगदी लागून एक म्हातारा आवाज आला.

"वाढले ना? मंग जेवूनच जातो."

आणि गाडी डावीकडे खाली बसली. एखादा जड माणूस पायरीवर टेकला की बसते, तशी. कुणी मेंढरंवाला बाबा असेल, सुनंदाच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावून बसलाय, म्हणून मी हसतच दार ओढलं. हललं नाही.

"बाबा, जरा सरका. दार उघडू द्या."

"वाढा की सावकाश. मी कुठं जाऊन राह्यलो?"

दाराच्या काचेतून खाली वाकून पाहिलं — पायरी रिकामी होती. गाडी मात्र तशीच कललेली.

मी शेगडीचं बटण बंद केलं. ज्योत चालूच. तव्यावरची भाकरी जळाली आणि आत धूर भरला. सुनंदाला दमा आहे. तिचा पंप राहिला होता पुढे, ड्रायव्हरच्या खणात, म्हणजे मीच ठोकलेल्या प्लायवूडच्या पलीकडे. पाना घेऊन काचेवर घातला. त्या काचा कशा फुटतात हे मला चांगलं माहीत आहे. ही फुटली नाही. सुनंदाची छाती वाजायला लागली. खोटं कशाला बोलू, इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

"भाऊ, तुमाला जायचं असंल तर वरून जावा. ताई वाढतील मला."

झडपेतून मी मावत होतो. सुनंदाला तिच्या गुडघ्यांमुळे वर चढणं शक्यच नव्हतं. मी स्टूल ओढलं, एक पाय वर ठेवला. बाहेर जाऊन दार उघडावं, असं माझ्या मनात होतं… असंच होतं बहुतेक.

सुनंदाने माझ्या पायाकडे पाहिलं. ताटात पिठलं-भाकरी वाढली आणि ताट दाराशी सरकवलं.

"भात?" बाहेरून विचारणा झाली.

रिकामा डबा तिने पोटाशी धरला होता. श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द तोडत म्हणाली, "भात न्हाई, बाबा. तांदूळ… संपले."

बाहेरून आवाज आला, "बराबर."

गाडी वर उचलली गेली, ज्योत गेली, दार एका बोटाने सरकलं. बाहेर रखरखीत ऊन आणि उघडं रान होतं. माणूस लपेल असं झुडूपसुद्धा नव्हतं. मी पळत जाऊन तिचा पंप आणला.

मिलमधले सांगतात, उन्हाने दार सरकायची पट्टी अडकली असेल, धूर डोक्यात गेला असेल. मी अख्खं दार खोलून बघितलं. पट्टी सरळ, शेगडीही चांगली. शिवाय आवाज आम्हा दोघांनाही आला होता.

पण परवा बोलता बोलता मी सुनंदाला म्हणालो, "त्या म्हाताऱ्यानंच मला वरून जा म्हणलं, म्हणून स्टूल घेतलं."

ती भाजी निवडत होती. हात थांबला.

"असं कुठं म्हणले ते?" ती म्हणाली. "त्यांनी फक्त भात मागितला."