रिटर्न परबांच्या चपला

परब नव्या चपला घेत तेव्हा जुन्या चपला दुकानात टाकून येत नसत. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालत, आणि पुढचा महिनाभर ती पिशवी त्यांच्याबरोबर ऑफिसात येई. नव्या चावल्या तर? कोणी हसलं की ते शांतपणे म्हणत, "हसा. फोड आल्यावर मरोळ नाक्यापर्यंत अनवाणी तुम्ही चालणार की मी?" त्यांना नव्या चपला चावल्याचं मी कधी पाहिलं नाही. पिशवी मात्र महिना भरेपर्यंत येत राही.

कुठेही निघाले तर परतीचं तिकीट ते जातानाच काढत. लग्नाला गेले तर मांडवात शेवटच्या रांगेत, कडेची खुर्ची. देवळाबाहेर चपला काढताना त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. डॉक्टर बदलला, पण आधीच्या डॉक्टरला दिवाळीला भेटून आले. ऑफिसात त्यांना रिटर्न परब म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना त्यात टीका दिसत नसे.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची कंपनी संगणक बनवी, म्हणजे परदेशातून आलेली कार्डं इथल्या पेटीत बसवी आणि पेटीवर स्वतःचं नाव चिकटवी. खालच्या मजल्यावर अगरबत्त्यांचं पॅकिंग चाले, त्यामुळे आमच्या फ्लॉप्यांना मोगऱ्याचा वास येई. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तिथे माहितीपुस्तकं लिहायला लागलो होतो. परब वरिष्ठ सर्व्हिस इंजिनियर होते. ग्राहकाकडचं मशीन उठलं नाही की त्यांना पाठवत. चालू होणं, सुरू होणं हे शब्द ते वापरत नसत. मशीन एक तर उठे, नाही तर उठत नसे.

कर्नेल म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं. "सोसायटीचा सेक्रेटरी. दिसत नाही कधी, पण पाणी, दिवे, लिफ्ट, सगळं त्याच्या परवानगीनं. ड्रायव्हर म्हणजे त्याच्या हाताखालचे वायरमन, प्लंबर. प्रिंटर आणला, त्याचा वायरमन वेगळा. टर्मिनल वाढवले, त्यांचा वेगळा. नवा माणूस आला की सेक्रेटरीशी त्याची ओळख करून द्यायची. म्हणजे कर्नेल पुन्हा बांधायचं आणि मशीन बंद करून परत उठवायचं."

"आणि ओळख पटली नाही तर?"

"तर सेक्रेटरी राजीनामा देतो. मशीन उठत नाही. म्हणून जुना सेक्रेटरी हाकलायचा नाही रे. घरी बसवून ठेवायचा."

ही उपमा नव्हती, कार्यपद्धती होती. नवं कर्नेल बांधण्याआधी ते जुन्याला वेगळं नाव देऊन डिस्कवर बाजूला ठेवत. मशीन उठताना क्षणभर थांबून कोणतं कर्नेल हवं ते विचारी. नवं बिघडलं तर जुन्याचं नाव टाइप करायचं, की मशीन कालच्यासारखं चालू लागे. 'जुने कर्नेल पुसू नये' हे वाक्य त्यांनी माझ्याकडून पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाखाली ठळक अक्षरांत घालून घेतलं. आमच्या साहेबांनी ते सगळीकडून काढलं. म्हणाले, "ग्राहकाला वाटेल, आपला आपल्याच मालावर विश्वास नाही."

"नाहीच आहे," परब म्हणाले. वाक्य तरीही गेलं.

ग्राहकाकडे पोचल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "काल काय बदललं?" उत्तरही ठरलेलं असे. "काही नाही." घाटकोपरच्या एका कापडाच्या पेढीत दसऱ्यानंतर मशीन उठेना. शेठ, मुनीम, शिपाई, तिघांनीही काही बदललं नाही म्हणून सांगितलं. परबांनी पेटीचं झाकण उघडलं. आतल्या प्रत्येक कार्डावर कुंकवाचं एकेक बोट होतं.

"हे?"

"ती पूजा केली साहेब," शिपाई म्हणाला. "प्रत्येक पाटी बाहेर काढली, पुसली, कुंकू लावलं, परत ठेवली. बदललं काहीच नाही."

परत ठेवताना मधला एक खण रिकामा राहिला होता. त्या मशीनमध्ये कार्डं एकमेकांना लागून असावी लागत. खण रिकामा राहिला की एकाचा निरोप पुढच्याला पोचत नसे. परबांनी कार्डं सरकवली, मशीन उठलं. कुंकू त्यांनी पुसलं नाही. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल नाही त्याला. माणसंही खोटं बोलत नाहीत. त्यांना वाटतं, चांगल्या हेतूनं केलं म्हणजे बदल नाही."

हा परतीचा सोस कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याची बातमी सांगावी तसं. त्यांचे वडील सावंतवाडीकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. संप सुरू झाला त्या दिवशी जेवणाचा डबा आणि कामाचा सदरा त्यांनी खात्यातल्या खुंटीलाच टांगून ठेवला. "चार दिसांचो प्रश्न आसा," असं घरी म्हणाले. गिरणीचं दार त्यांच्यासाठी परत उघडलं नाही. "डबा पितळेचा होता," परब म्हणाले, आणि पुढे चहा प्यायले.

अशा माणसाला अमेरिकेहून बोलावणं आलं. वर्गमित्र तिकडे होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसांची तिथे टंचाई होती, आणि जागा कायमची होती. कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत परब, त्यांची बायको, मुलगी आणि वडील राहत. परबांना जायचं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं, कारण ते त्याबद्दल बोलत नव्हते. त्यांनी साहेबांकडे फक्त एक मागणी केली. दोन वर्षांची बिनपगारी रजा, आणि तोवर त्यांची जागा राखून ठेवायची.

साहेब म्हणाले, "परब, जागा राखून ठेवायला ही काय सरकारी कचेरी आहे? राजीनामा द्या आणि खुशाल जा."

परब राजीनामा देईनात, नाहीही म्हणेनात. वर्गमित्राने महिनाअखेरपर्यंत कळवायला सांगितलं होतं. त्यांची बायको सुलभावहिनी एका रविवारी माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, तुमच्या मशीनला दोन-दोन कर्नेल असतील. आम्हाला नवरा एकच आहे. जायचं की नाही ते एकदा बोला, म्हणजे मुलीच्या शाळेचं बघता येईल."

त्याच महिन्यात पाडवा होता. मुलुंडच्या एका सहकारी बँकेत पाडव्याच्या सकाळी संगणकाचं उद्घाटन ठरलं होतं. मशीन आधीच काम करत होतं, उद्घाटन जादा टर्मिनलांचं, म्हणजे कारकुनांच्या टेबलांवरच्या पडद्यांचं, होतं. त्यासाठी एक नवं कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर घालायचा होता. आदल्या दिवशी परब गेले, पुस्तक तपासून घ्यायला मीही गेलो. मशीनच्या थंड खोलीबाहेर चपला काढल्या. परबांच्या चपलांची टोकं जिन्याकडे.

सकाळी त्यांनी कार्ड बसवलं आणि मशीन एकदा जुन्या कर्नेलवरच उठवलं. मग नवं कर्नेल बांधलं आणि जुनं नेहमीसारखं बाजूला ठेवलं. नवं लागू करायला मशीन बंद करावं लागणार होतं, पण कारकुनांच्या नोंदी बाकी होत्या. तेव्हा आम्ही खाली जाऊन वडा-पाव खाल्ला. संगणकाचा कारभार बँकेच्या सामंतबाईंकडे होता. अतिशय व्यवस्थित बाई. त्या इमारतीत मशीनचा मुख्य पासवर्ड परबांनी फक्त त्यांच्यावर विश्वासून दिला होता.

दुपारी नोंदी संपल्या. परबांनी मशीन बंद केलं, उठवलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि मशीन थिजलं. नवं कर्नेल कोसळलं होतं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि जुन्याचं नाव टाइप केलं. मशीनने उत्तर दिलं, या नावाचं काही इथे नाही.

त्यांनी पुन्हा टाइप केलं. अक्षरं एकेक करून, ओठ हलवत. तेच उत्तर.

"सामंतबाई," परब म्हणाले, "आज काय बदललं?"

"काहीच नाही."

"मी खाली होतो तेव्हा?"

"तेव्हा डिस्क भरल्याचा निरोप येत होता, म्हणून थोडी साफसफाई केली. उद्या पाडवा ना! जुन्या फाइली काढल्या. एकीच्या तर नावातच ओल्ड होतं." त्यांनी परबांकडे पाहिलं. "का हो? ठेवायची होती?"

चालू मशीन आपलं कर्नेल स्मृतीत धरून बसतं. म्हणून डिस्कवरचं पुसलं गेलं तरी दुपारपर्यंत कोणाला कळलं नव्हतं.

राहिल्या मूळ फ्लॉप्या. त्यांच्यावरून मशीन उठवता आलं असतं. पण कोणी नक्कल करेल या भीतीने साहेबांनी त्या ऑफिसच्या कपाटात बंद केल्या होत्या. परबांनी ऑफिसला फोन लावला. किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब पाडव्याला पुण्याला, सासुरवाडीला.

बँकेचे अध्यक्ष तोरणाची मापं घ्यायला आले होते. ते खोलीत डोकावले. "काय परब, झकास ना? उद्या आमदार येणार आहेत."

"थोडं काम आहे," परब म्हणाले.

"आता काय हो वाट?" सामंतबाईंनी हळूच विचारलं. त्या रडकुंडीला आल्या होत्या. "माझी नोकरी जाईल."

"कोणाची नोकरी जात नाही. बसा जरा."

परब स्टुलावर बसले. मला वाटलं, हा माणूस आता मोडतो. आयुष्यभर ज्याची तजवीज केली नेमका तोच दिवस आला होता, आणि तजवीज तेवढी गेली होती. मग त्यांनी आजवर मी कधी न पाहिलेली गोष्ट केली. त्यांनी ती कोसळल्याची ओळ वाचली. एरवी नवं पडलं की ते जुन्यावर परतत आणि मग सावकाश शोध घेत. आज परतायला काही नव्हतं, म्हणून वाचली.

"कोणीतरी भलत्याच दारावर टकटक करतंय," ते म्हणाले. "कार्ड ज्या नंबरावर हाक मारतंय, तो नंबर मी कर्नेलला सांगितलेलाच नाही. मी कागदावरचा सांगितला. कारखान्याने कार्डावर दुसराच लावून पाठवलाय."

"मग कर्नेल बदला," मी म्हणालो.

"कशावर बसून बदलू? मशीन उठलं तर बदलणार ना." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "कर्नेल बदलता येत नाही. मग कार्ड बदलू. कर्नेलला जे वाटतंय, तेच खरं करू."

त्यांनी पेटी उघडली, नवं कार्ड काढलं आणि त्यावरची नंबर ठरवणारी तांदळाएवढी टोपी चिमट्याने एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर बसवली. एवढंच. कार्ड परत बसवून बटण दाबलं. पडद्यावर ओळी येऊ लागल्या आणि थांबल्या नाहीत. बाहेर एकेका टेबलावर टर्मिनल उजळले. सामंतबाईंनी हात जोडले. परबांना की मशीनला, ते कळलं नाही.

"उठलं की," परब म्हणाले. हे ते मशीनला म्हणाले नसावेत.

परतताना मी विचारलं, "नव्या कर्नेलची एक प्रत बाजूला ठेवलीत का?"

"विसरलो," ते म्हणाले, आणि बराच वेळ स्वतःशी हसत राहिले.

पाडवा झाल्यावर त्यांनी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. साहेबांना त्याची अपेक्षा नव्हती. ते म्हणाले, "अहो, रजेचं काहीतरी बघता आलं असतं." परब म्हणाले, "राहू द्या आता."

सहार विमानतळावर त्यांना पोचवायला आम्ही टॅक्सीने गेलो. परबांच्या पायात नवे बूट होते. सुलभावहिनी मुलीचा स्वेटर आवरत होत्या. वडील सगळ्यांच्या मागे उभे होते, ते पुढे आले. "डबो घेतलंस ना रे?" त्यांनी विचारलं. परबांनी खांद्यावरच्या पिशवीला हात लावून दाखवला. मग दुसऱ्या हातातली पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला होत्या.

"राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "बूट चावले तर."

कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. सगळेच घरी बसले, राखून ठेवलेल्या जागा असत्या तर त्यांच्यासकट. तिसऱ्या मजल्यावर आता फरशांचं दुकान आहे. अगरबत्त्यांचं पॅकिंग मात्र अजून चालू आहे.

बऱ्याच वर्षांनी परब वडिलांच्या वर्षश्राद्धाला आले, तेव्हा माझ्या घरी डोकावले. केस पांढरे, बोलण्यात मध्येच इंग्रजी लय. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या चपला?" मी माळ्यावरून पिशवी काढून दिली. त्यांनी दारात बूट काढले, चपला घातल्या आणि व्हरांड्यात चार पावलं टाकली. उजव्या चपलेचा अंगठा तुटला.

त्यांनी वाकून चपला उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता म्हणतील, टाकून दे.

"वादी ठीक आहे," परब म्हणाले. "अंगठा तेवढा शिवून घे. मोच्याला सांग, बाकी काही बदलायचं नाही." चपला त्यांनी परत कागदात गुंडाळल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी अंगठा शिवून घेतला. पिशवी माळ्यावर आहे. पाडव्याची साफसफाई निघाली की मी आधी घरात सांगतो, ती पिशवी टाकायची नाही.