वळणावरचे दगड

मी बोलायला फटकळ. पहूरकडची माणसं आम्ही, पोटात एक आणि ओठात एक आमच्याकडे चालत नाही. नर्स म्हणून माझी नेमणूक शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रात झाली तेव्हा आई म्हणाली होती, "तिथं तरी तोंड सांभाळ." ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी तोंड सांभाळलं नाही, आणि त्या लोकांनी कधी ते मनावर घेतलं नाही. वाकून कामाला लागलेल्या माणसांना माझ्या बोलण्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

उपकेंद्र खाली, डांबरी रस्त्याला लागून. माझ्याकडचा पावरा आदिवासींचा एक पाडा मात्र डोंगरावर होता, आणि मधे नुसती पायवाट. पावसाळ्यात ती वाट ओहोळाबरोबर वाहून जायची आणि दिवाळीपर्यंत पाड्याला जगाशी काही देणंघेणं उरायचं नाही. कुणी आजारी पडलं तर गोधडीची झोळी करायची, लांब बांबूला बांधायची, पुढे दोघं, मागे दोघं, आणि उतरायचं. पाड्याच्या कारभारी आबांची सून आदल्या पावसाळ्यात अशीच उतरवली होती. मूल आडवं होतं. वाट तुटलेली, म्हणून जंगलातून लांबचा फेरा घ्यावा लागला. सून वाचली, मूल वाचलं नाही. मी खाली वाट बघत उभी होते. झोळीतून तिला उतरवलं तेव्हाचा तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि दिवस भरणार होते ते नेमके भादव्यात. आधीच खाली आणून ठेवा, असं मी सांगितलं. सवय व्हावी म्हणून उन्हाळ्यातच माझ्या खोलीत ठेवून घेतली तिला. दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी न सांगता वर निघून गेली. म्हणे कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही. मी कपाळाला हात लावला आणि आबांकडे गेले. म्हटलं, "आबा, सून खाली राहत नाही. मग वाट तरी नीट करा. मृगाच्या आत."

आबांनी चिलीम विझवून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लाह बोलावसू."

लाह म्हणजे काय ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. पाड्यातल्या एकाच्या घरी काम निघालं की दर घरातून एक माणूस जातो. मजुरी नाही, हजेरी नाही. बोलावणाऱ्यानं फक्त जेवू घालायचं. कुणी आलं नाही तर कुणी विचारत नाही, पण न येणाऱ्याला पुढे स्वतःच्या घरासाठी हाक मारायची लाज वाटते. एवढ्या एका लाजेवर सगळा पाडा उभा होता. माझ्या खात्यात इतके शिक्के आणि इतके साहेब असून जे होत नव्हतं, ते तिथं एका हाकेसरशी होत होतं.

वैशाखाचं ऊन, दगड हाताला भाजायचा. सकाळी उजाडता उजाडता माणसं पहारी, कुदळी घेऊन यायची. बाया घमेली उचलायच्या. जंगलखात्याच्या माणसानं झाडाला हात लावू नका एवढंच बजावलं होतं, म्हणून वाट प्रत्येक सागाला वळसा घालून गेली. जिथं पाणी वाटेवर चढायचं तिथं दगड तिरपे गाडले, म्हणजे पाणी अंगावर न येता कडेनं उतरेल. आबांचं एकच पालुपद, "पहिले पानीले वाट द्या, मंग मानूसले." दुपारी उडदाची डाळ आणि भाकरी. सुनेला कुणी ओझं उचलू देत नव्हतं, तर ती बसल्या बसल्या वाटेच्या कडेला रचलेल्या दगडांच्या फटीत बारक्या चिपा ठोकत राहायची. एकेक चीप हलवून बघायची, हलली तर काढून दुसरी घालायची. मी म्हणायचे, "बाई, भिंत बांधतेस का दागिना घडवतेस?" ती हसायची नाही. चीप हलवून बघायची.

वाट झाली. खरंच देखणी झाली. मी खालून वर चढून गेले आणि दम लागला नाही, यावरून काय ते समजा, कारण माझं अंग तेव्हाही भरलेलंच होतं. पण मला एकदा झोळी उतरवून बघायची होती. तसं म्हटल्यावर सगळे मान वळवून माझ्याचकडे बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमीन निंघी ग्यात, ते कोनबी निंघी जाई." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आता माघार कशी घ्यायची? बसले झोळीत.

निम्म्या वाटेपर्यंत राणीसारखी आले. मग वळण आलं. त्या वळणावर आतल्या अंगाला त्यांचा देव: कमरेएवढा काळा खडक, आणि त्याच्याभोवती आणि डोक्यावर दगडांचा हा ढीग. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथं एक दगड ठेवून पुढे जातो, बापजाद्यांपासून. पुढचे दोघं वळले आणि बांबूचं टोक खडकाला टेकलं. मागच्यांचे पाय कडेला. बांबू ना पुढे जाई ना मागे, आणि मी मधे लोंबकळत, खाली सरळ दरी. पहूरची जेवढी म्हणून भाषा मला येत होती तेवढी त्या डोंगरानं ऐकली.

चूक साधी होती. ही माणसं या वाटेनं जन्मभर एकामागे एक चालणारी; झोळी आजवर उतरली ती पावसात, जंगलाच्या फेऱ्यानंच. डोक्यावर मोळी, हंडा, खांद्यावर पोर, पण वळणाला माणूस वळतो तशीच वाट त्यांनी केली होती. बांबू वळत नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मी खाली उतरले आणि रागात बोलून गेले, "फोडा तो खडक." आमचं घर बौद्ध, दगडाला हात जोडायची मला सवय नाही. माझ्या मते दोन तासांचं काम होतं. माणसं पहारी टेकवून खाली बघायला लागली. सून तेवढी माझ्याकडे बघत होती, पोटावर हात ठेवून, आणि मला कळत होतं की देवाला हात लावायची भीती तिला आहे आणि त्या वळणाचीही तेवढीच आहे. आबा शेवटी म्हणाले, "देवले इचारनं पडी." मी चिडून खाली निघून आले. मृग तोंडावर होता आणि हे देवाला विचारत बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सगळा पाडा वळणावर. आबांनी मोहाच्या दारूचे दोन थेंब खडकावर सोडले, आपल्या पावरी बोलीत पुष्कळ वेळ काहीतरी बोलले, मान हलवत ऐकल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळून, अहिराणीत, गंभीर चेहऱ्यानं, "देव म्हनस, मना आंगवरना भार उतारा."

आणि त्यांनी तो ढीग उतरवला. एवढे दगड कुठून आणले असते सांगा? कितीतरी पिढ्यांनी एकेक करून तिथंच आणून ठेवलेले होते. दरीच्या अंगाला खालपासून त्यांची भिंत रचली, वर माती भरली, आणि वाट बाहेरच्या बाजूनं एवढी रुंद केली की बांबू अख्खा फिरावा. देव होता तिथंच राहिला. आबांनी सगळ्यांना सांगितलं, यापुढे दगड देवाजवळ ठेवायचा नाही, भिंतीला लावायचा. असा माणूस आमच्या खात्यात एक असता तरी मी बदलीचे अर्ज केले नसते.

भादव्यात एका सकाळी निरोप आला. पाऊस धो धो. मी छत्री टाकून वर पळाले आणि वळणावरच मला झोळी भेटली. पुढचे दोघं वळले. बांबू फिरला. पाणी तिरप्या दगडांवरून कडेनं उतरत होतं. मागचे दोघं त्या भिंतीवर पाय देऊन आले, भिंत हलली नाही. कुणी थांबलं नाही. मूल याही वेळी आडवं होतं, पण खाली मी बोलावून ठेवलेली जीप उभी होती आणि आम्ही शिरपूरच्या दवाखान्यात वेळेत पोचलो. मुलगी झाली. जीपवाल्यासमोर मी ढसाढसा रडले, मला त्याची लाज वाटली नाही.

पाऊस उघडल्यावर मी तिला वर पोचवायला गेले. वळणावर ती थांबली. दगड उचलून भिंतीवर ठेवला, हलवून बघितला. दुसरा उचलला, मुलीच्या मुठीला लावला, तोही ठेवला. मला वाटलं झालं. पण तिनं शोधून तिसरा आणला, छोटासा, आणि फटीत आतवर, जिथं पाणी लागत नाही अशा जागी बसवला.

"कुणाचा गं?" मी विचारलं.

"पहिलाना," ती म्हणाली. "त्याले वाट नही भेटनी."

मी कधी दगडाला हात जोडले नाहीत, तेव्हाही जोडले नाहीत. वाकून एक दगड उचलला आणि त्या छोट्या दगडापुढे लावला, घट्ट, हलवून बघून.