आर्लिसची मधली गोळी

विल्सी गावाच्या वरच्या अंगाला, जिथे झाडं संपतात आणि वारा सुरू होतो, तिथे एक रीत आहे. हरणांचा हंगाम आला की ज्या घरात आता कुणी बंदूक उचलत नाही, त्या घराच्या ओसरीवर शेजारीपाजारी मांस ठेवून जातात. पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेलं. दार वाजवत नाहीत, आभारांची वाट बघत नाहीत. फार चांगली रीत आहे, आणि आर्लिस ट्वाइटला तिची धडकी भरली होती.

कारण उभ्या आयुष्यात तिने स्वतः कितीतरी ओसऱ्यांवर अशी पुडकी ठेवली होती. ठेवून परत गाडीत बसलं की नवऱ्याला ती काय म्हणायची, ते तिला चांगलं आठवत होतं. "बिचारी," म्हणायची. आणि एकदा हा शब्द घराला चिकटला की पुढचं सगळं ओळीने येतं. आधी मांस येतं, मग मुलगा शहरातून येऊन प्रेमाने समजूत काढतो, मग मेंढ्यांचा लिलाव होतो आणि बाई तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत जाऊन खिडकीतून पार्किंग बघत बसते. आर्लिसला आपल्या मेंढ्यांचा लळा होता. त्या अडाणी, हट्टी आणि घाण होत्या, हे ती स्वतःच सांगायची, पण दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपत नसे.

मुळात खोड काढली ती एका एडक्याने. गेल्या हिवाळ्यात दाण्याच्या बादलीवरून त्याचं डोकं फिरलं आणि त्याने आर्लिसला कुंपणाच्या खांबावर आपटलं. उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. हात वर जायला लागला, बादली उचलायला लागला, पण नॉर्व्हलची रायफल काही तो खांदा सोसेना. नॉर्व्हल म्हणजे तिचा नवरा, चार वर्षांमागे गेला. त्याची ती थर्टी-ऑट-सिक्स दोन्ही कामं करायची: वसंतात कोकरांवर टपलेले कोयोट आणि हिवाळ्याच्या तोंडाला हरीण. कोयोट म्हणजे कोल्ह्यापेक्षा थोराड आणि कोल्ह्याइतकाच लबाड प्राणी. त्या रायफलीचा मागचा दणका गड्यामाणसालाही दोन पावलं मागे सारायचा. आर्लिसने डॉक्टरचं न ऐकता एकदा बार काढून पाहिला. मग गोठ्याच्या मागे जाऊन रडली. खांदा दुखत होताच, पण रडू आलं ते ती बंदूक हातातून सुटली म्हणून.

तेव्हा नवी रायफल हवी होती. एकच, दोन्हीला चालेल अशी, आणि खांद्याला झेपेल अशी. आता असला प्रश्न आपल्याकडे कॅफेत बोलून दाखवावा का? पण आर्लिसने दाखवला.

कॅफेत सकाळी सगळे जमतात, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवतात, आणि ज्याचं दान सगळ्यांत कमी त्याने सगळ्या टेबलाची कॉफी पाजायची.

"थर्टी-ऑट-सिक्स सोडून दुसरं काही घेतलंस, तर तुझं तोंड बघणार नाही," डेल्मर स्कोगेन म्हणाला. डेल्मर तिचा कुंपणाला कुंपण लागून असलेला शेजारी. पंचाहत्तरीचा, एकटा, आणि मताला भलताच पक्का.

"मग तर दुसरीच घेते. आयती सुटका."

"टू-ट्वेंटी-थ्री घे," ऑर्विल म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. "दणका म्हणून नाही. कोयोट जागच्या जागी गार."

"आणि हरणाला?"

"हरणाला जरा जवळ जायचं."

"तुझ्या गुडघ्यांनी गेलास वाटतं?" आर्लिस म्हणाली. ऑर्विलचे दोन्ही गुडघे गेलेले, हे सगळ्या गावाला माहीत होतं. टेबल हसलं.

डेल्मरने फासे टाकले. "काय पडलं?" त्याने खुर्चीला टेकून विचारलं. दान टाकायचं आणि मोजायचं काम दुसऱ्यांना सांगायचं, ही त्याची अलीकडची ऐट.

"दुर्री आणि एक्का. काढ पाकीट," ऑर्विल म्हणाला.

शेवटी आर्लिसने घेतली त्या दोन्हींच्या मधली, टू-फॉर्टी-थ्री. हार्डवेअरच्या दुकानात लेलँडने ती तिच्या डाव्या खांद्याला लावून दाखवली, उजव्या खांद्याला लावून दाखवली, आणि वर दोन डबे काढले. "ही हलकी गोळी कोयोटला, ही जड हरणाला. म्हणजे एका बंदुकीत दोन बंदुका आल्या म्हण." आर्लिसला हा हिशेब फार आवडला. घरी येऊन तिने हलक्या गोळीवर नेम बसवला, गवताच्या गठ्ठ्यावर कागद लावून, बंदुकीवरच्या दुर्बिणीचे खटके फिरवत. गोळ्या कागदाच्या मधोमध जाऊ लागल्या. खांद्यानेही तक्रार केली नाही. त्या दिवशी तिने स्वतःसाठी मेंढीचा आख्खा पाय भाजला आणि त्यातला अर्धा उभ्यानेच खाल्ला.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी ओहळाच्या वरच्या उतारावर हरणाचा नर उभा होता. आडवा, निवांत, जणू ठरवून आल्यासारखा. आर्लिसने बंदुकीत जड गोळी घातली होती, हरणाची. गाडीच्या बॉनेटवर टेकून, श्वास धरून, हळूच चाप ओढला. हरणाच्या पायाखाली माती उडाली. हरणाने तिच्याकडे बघितलं आणि ते टेकडीपलीकडे गेलं.

तेवढंच झालं. पण आपल्याकडे बार झाला आणि मागून कुणी हरीण ओढत आणलं नाही, की त्याची बातमी होते. रविवारी चर्चच्या जेवणात पाद्रीणबाई तिच्या ताटात बटाटे वाढताना सहज म्हणाल्या, "आर्लिस, तुला मांडी आवडते की पुठ्ठा?" ऑर्विलने विचारलं, "सॉसेज करून आणलं तर चालेल ना?" सगळं इतक्या मायेने की कुणावर चिडायचीही सोय नव्हती. तिने ताट अर्ध्यावरच सोडलं.

घरी आली ती कपडे न बदलताच बंदूक घेऊन गठ्ठ्यासमोर बसली. जड गोळीच्या तीन फैरी झाडल्या. तिन्ही भोकं एकमेकांना खेटून, पण कागदाच्या अगदी तळाशी. तिने हलकी घातली, तर ती मधोमध. नेम हलक्या गोळीचा, हंगाम जड गोळीचा, आणि घोटाळा सगळा आपल्या डोक्याचा. खांदा ठीक होता, डोळा ठीक होता. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ती त्या थंडीत, चर्चच्या झग्यातच, मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही डबे लेलँडच्या समोर ठेवले. "या दोघींच्या मधली दे. दोन्हीला तीच."

"मधलीने कोयोटच्या कातड्याचं वाटोळं होईल."

"कातडं तुला हवंय. मला कोकरं हवीत."

"आणि मोठा नर असला तर ती थोडी कमीच पडते, आर्लिस."

"मग मी जवळ जाईन. माझे गुडघे शाबूत आहेत."

गेलीही ती. हंगाम संपत आला होता. बर्फावर पोटावर सरकत, डाव्या कोपरावर भार देत, ती इतक्या जवळ गेली की हरणाच्या नाकातली वाफ दिसत होती. एक बार. हरीण चार ढांगा धावून बसलं ते बसलंच. आर्लिस त्याच्या शेजारी बर्फात बसली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि नॉर्व्हलला मनातल्या मनात चार शब्द सांगितले. ते तिचे तिला ठाऊक.

मांस कापून झाल्यावर पहिली आठवण झाली डेल्मरची. टोमणे तयार होते, चांगले घासूनपुसून. पाठीच्या मांसाचा एक तुकडा कागदात गुंडाळून गाडीत टाकला आणि ती निघाली. तो घरात नव्हता, म्हणून ती पुडकं हातात घेऊन मागल्या अंगाला गेली. तिथे गवताचा गठ्ठा होता, त्यावर कागद लावलेला. कागद कोरा होता. गठ्ठ्याला मात्र चहूबाजूंनी भोकं पडलेली, वर, खाली, मागच्या फळीलासुद्धा.

आर्लिस तिथेच उभी राहिली. फाशांची ती ऐट, दान टाकून मागे टेकणं, सगळं तिच्या ध्यानात आलं. त्याला फाशांवरचे ठिपके दिसतच नव्हते. यंदा डेल्मरच्या गाडीत हरीण कुणी पाहिलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं, कारण डेल्मरला असलं विचारायचं असतं, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"काय बघतेस?" डेल्मर मागून आला. त्याची नजर तिच्या खांद्याच्या जरा बाजूला होती. मग त्याला तिच्या हातातलं पुडकं दिसलं, पांढरा कागद दिसला. त्याचा चेहरा असा उतरला की आर्लिसला आपलाच चेहरा बघितल्यासारखं झालं. "ते माझ्या ओसरीवर ठेवायचं नाही, आर्लिस."

"ओसरीवर कोण ठेवतंय? ही आगाऊ मजुरी आहे." तिने पुडकं त्याच्या छातीवर टेकवलं. "वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की कोयोट येतील. मला त्यांना हाळी घालून जवळ आणता येत नाही. तुझ्यासारखी घालणारा दुसरा आहे का इथे?"

डेल्मरने पुडकं हातात तोलून पाहिलं. मग म्हणाला, "त्या खेळण्यातल्या बंदुकीनं मारणार तू?"

"तिनेच. हे तिनेच मारलंय."

"एवढ्यात माझं नाही भागायचं. मागची मांडी पण लागेल."

"गाडीत आहे," आर्लिस म्हणाली. नव्हती, ती घरी जाऊन घेऊन आली.

वसंतात दोघं कोकरांच्या कुरणावर सेज नावाच्या करड्या झुडपाआड बसायची. डेल्मर मुठीतली लाकडी शिट्टी फुंकून जखमी सशासारखा असा विव्हळायचा की आर्लिसही ससा शोधायला मान वळवायची. कोयोट यायचे. ती बघायची, तो ऐकायचा. त्या वर्षी कोकरं बहुतेक सगळी तगली.

कॅफेत डेल्मरचं मत काही बदललं नाही. "कोयोटला बरी आहे तिची बंदूक," तो सगळ्यांना सांगायचा, "पण हरणाला थर्टी-ऑट-सिक्सच." आर्लिस त्याला सांगू द्यायची. तो पेला खुळखुळवायचा, फासे टेबलावर टाकायचा, आणि त्याने विचारायच्या आत शेजारी बसलेली आर्लिस कॉफीतून डोकं वर न काढता म्हणायची, "चौका आणि पंजा. वाचलास."