पेटीला कुलूप बसवलं आणि उंबऱ्यावर काढलं

१. खालापूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाल्यावर मी सुताराकडून औषधांसाठी सागाची पेटी करून घेतली.
२. तिला कुलूप बसवायला सुताराने नकार दिला. ते मी बसवलं.
३. गेल्या मंगळवारी चौक गावाजवळच्या एका वाडीत बाळंतपणाला गेले. तिथे उंबऱ्यावरच कुलूप काढावं लागलं.
४. आई आणि मुलगी सुखरूप आहेत.

नर्स मैत्रिणींनो, घडलं एवढंच. पण मला तुमचं मत हवं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते...

कुलूप कशासाठी, ते तुम्हाला सांगायला नको. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायचं आपलं औषध मूल व्हायच्या आधी दिलं, तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेततं. आणि अडलेल्या बाळंतिणीच्या घरात प्रत्येकाला घाई असते.

सुतार म्हणाला, "बाई, पेटी पाहिजे तशी करतो. पण बाळंतिणीच्या घरात जायच्या पेटीला मी कुलूप नाय लावायचा. माझ्याबी घरात सुना हायत."

मी वाद घातला नाही. वडील कर्जतच्या इंजिनशेडमध्ये फिटर होते, त्यांची हत्यारं माझ्याकडे आहेत. पटाशीने खाच कोरली, ती केसभर जास्त खोल गेली, म्हणून कुलपाखाली जाड कागदाची पट्टी घातली. झाकणाकडचा पत्रा नेमका कुठे येईल हे कळावं म्हणून त्याला काजळ लावलं, तो कुलपावर ठेवून झाकण मिटलं आणि झाकणाला आतून जिथे ठसा उमटला तिथे तो स्क्रूने बसवला. चावी पहिल्याच फेऱ्यात फिरली. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मंगळवारी दुपारी वाडीवरून बैलगाडी आली. पहिलटकरीण, गोदी नावाची, पहाटेपासून कळा देत होती.

घरातलं सगळं उघडं होतं... माठांवरची झाकणं बाजूला काढलेली, गोदीचे केस मोकळे, गाईचं दावंही सोडलेलं. मूल अडू नये म्हणून तिकडे घरातलं बांधलेलं, मिटलेलं सगळं मोकळं करतात. गोदीची सासू ठमाबाई उंबऱ्यातच उभी होती. तिची नजर आधी पेटीवर गेली, मग माझ्यावर.

"दाराचं कुलूप काढून आमी इहिरीवर ठेवलंय. गाय शेजाऱ्याच्या वालात शिरलीय, तरी बांधली नाय. अन् तू नवं कुलूप घेऊन आलीस व्हय गं?"

मी चावीने कुलूप उघडून दाखवलं.

"उघडलेलं मिटायला किती येळ लागतो?" ती म्हणाली.

नियमाप्रमाणे मी तिला समजावून सांगायला हवं होतं. तेवढ्यात आतून गोदीचा आवाज आला, अगदी बारीक. "बाई, निघालं का वो ते?"

आमचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. मी वाकून आत पाहिलं. तिने मुठी आवळल्या होत्या, दात दाबून धरले होते... अशा अंगाने कळ नीट येत नाही. नवी पेटी असल्यामुळे पेचकस आतच ठेवला होता. मी तिथेच बसले, स्क्रू सोडवले आणि कुलूप ठमाबाईच्या हातात दिलं. ते तिने विहिरीकडे पाठवलं.

आता बाटलीचं काय करायचं? उघड्या पेटीत ती ठेवणं मला पटेना. एक शेजारीण एव्हाना म्हणूही लागली होती, "जोराचं औषध हाय ना, मग आत्ताच देऊन टाक की गं."

मी बाटली ठमाबाईच्या हाती दिली. "हे आधी दिलं तर दोघंही जातील. मूल झाल्यावर, वार पडल्यावर, मी मागेन तेव्हाच द्या."

तिने बाटली पदरात घेतली आणि भिंतीला टेकून बसली. शेजारणीने पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाली, "तू आधी तुझ्या वालातली गाय हाकल जा."

कुलूप काढल्यामुळे गोदी सुटली, असं मी म्हणणार नाही. तिने मुठी सोडल्या आणि कळा सरळ यायला लागल्या, एवढंच मी पाहिलं. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली.

वार पडली, आणि रक्त थांबेना. माझे दोन्ही हात गोदीच्या पोटावर गुंतलेले, कोपरापर्यंत भरलेले. मी मान वळवायच्या आत ठमाबाईने बुचाला हात घातला होता. "किती?" "पेटीतल्या मापाच्या ग्लासात, खालच्या रेघेपर्यंत." तिने ओतलं, ग्लास मला डोळ्यांसमोर धरून दाखवला, मग सुनेला पाजलं.

रक्त थांबलं.

त्या हातांनी मी चावी शोधत बसले असते, तर किती वेळ गेला असता हे मला मोजता येत नाही. आणि ठमाबाईच्या जागी ती शेजारीण असती तर काय झालं असतं, हेही सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून अडले आहे.

दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी पेटीवरची रिकामी खाच पाहिली आणि कुलूप का काढलं याचा लेखी खुलासा मागितला आहे. कुलूप परत बसवलं तर प्रत्येक घरी ते काढता येणार नाही. सागातसुद्धा त्याच भोकात स्क्रू पुन्हापुन्हा फिरवला की पकड जाते. लटकतं कुलूप लावून ते दाराबाहेर ठेवता येईल, पण मग आत पेटी उघडीच.

तेव्हा प्रश्न कुलपाचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत ती बाटली बंद ठेवायची, की घरातलं एक माणूस पारखून त्याच्या हाती द्यायची? तुम्ही काय करता, आणि कधी पारख चुकली का, तेही लिहा. माझा खुलासा सोमवारी जाणार आहे. उत्तर शनिवारच्या टपालाने मिळेल असं पाठवा.